मनुका आणि मोहफूल

'बारा ब्रिथ' हा वेल्समधला पाव. वेल्श भाषेत बारा म्हणजे पाव आणि ब्रिथ म्हणजे ठिपकेदार. मनुके, बेदाणे रात्रभर चहात भिजवायचे, सकाळी पिठात मिसळून भाजायचे आणि लोणी लावलेला काप चहासोबत खायचा. 1865 मध्ये सुमारे दीडशे वेल्श माणसं 'मिमोसा' जहाजातून अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात गेली. तिथे त्यांच्या वंशजांच्या चहासोबत आजही फळांचा काळा केक असतो. माणूस देश सोडतो, चव सोडत नाही.

हे वर्गात सांगत होतो, तेव्हा गडचिरोलीकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमची मोहाची भाकर पण अशीच असते." बाकीची मुलं हसली, "दारूची भाकर!" तो गप्प झाला. खरं सांगायचं तर लहानपणी मीही हसलो असतो. आमच्या मोहल्ल्यात मोह म्हणजे दारू, एवढंच आम्हाला माहीत होतं.

पण चूक त्या मुलाची नव्हती. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे झाडाखाली गळतात. बायका-मुलं ती वेचतात, उन्हात वाळवतात. वाळलेलं फूल रंगाने आणि सुरकुत्यांनी थेट मनुक्यासारखं दिसतं. ते उकडून पिठात मळतात, तिळासोबत कुटून लाडू करतात. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला. तेव्हाचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, याच प्रांतात होता. शेत पिकत नसे, तेव्हा जंगलातल्या माणसाला मोहाचा आधार असे.

इंग्रज सरकारला मात्र या फुलात अबकारीचा महसूल दिसला. मुंबई इलाख्यात तर 1892 मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. गरिबाचं अन्न संशयित ठरलं. सरकार गेलं, संशय राहिला.

दारू आपल्याला हराम आहे, त्यात वाद नाही. 1993 पासून गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिच्यामागे तिथल्या लोकांचीच चळवळ होती. पण दारू द्राक्षांचीही होते. म्हणून इफ्तारच्या ताटातला मनुका कुणी बाजूला काढतो का?

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने डब्यात भाकर आणली. पहिला तुकडा मी घेतला. नंतर वर्गाला पुरली नाही.