दोन शंकराजी, तीन चिमणाजी

राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतल्या एखाद्या पत्रात ‘शंकराजीपंत सचिव’ एवढाच उल्लेख सापडला, तर अभ्यासकाने तिथेच थबकायला हवं. कारण त्या एकाच कारकिर्दीत सचिवपदावर दोन शंकराजी होऊन गेले. पहिले शंकराजी मल्हार नरगुंदकर. राजाराम महाराजांनी जिंजीला त्यांना सचिव केलं. पुढे पद सोडून ते काशीला जाऊन राहिले. दुसरे शंकराजी नारायण गांडेकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली हे पुढे आले, मोगलांनी घेतलेले मावळातले किल्ले परत मिळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि भोर संस्थानचे मूळपुरुष तेच. या दुसऱ्या शंकराजींची अखेर १७०७ मध्ये भोरजवळ आंबवड्याला झाली. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले होते. राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंना दिलेली शपथ मोडवत नव्हती आणि संभाजीराजांच्या या मुलाविरुद्ध हत्यारही उचलवत नव्हतं. या पेचात त्यांनी स्वतःच प्राण दिला. पहिले शंकराजी मात्र त्यानंतर अकरा वर्षांनी मोगल सुभेदार सय्यद हुसेन अलीच्या वतीने शाहू महाराजांचे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याशी बोलणी करायला आले. १७१८ चा तह ठरवण्यात त्यांचा हात होता, आणि त्या तहातूनच पुढच्या वर्षी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या. म्हणजे ‘मल्हार’ की ‘नारायण’ एवढं बापाचं नाव गाळलं, की आंबवड्यात समाधी असलेला माणूस मोगलांच्या बाजूने तह करताना दिसू लागतो.

या दोघांचं नाव एक असणं हा निव्वळ योगायोग. घराणी वेगळी, गावं वेगळी. पद एकाकडून दुसऱ्याकडे गेलं ते कर्तबगारीमुळे आणि गरजेमुळे. भोरच्या गादीवर पुढे जी नावं फिरून फिरून आली, त्यांना योगायोग म्हणता येणार नाही. माझ्या मते सचिवपद वंशपरंपरागत झाल्याची ती खूण आहे, आणि ते तसं टिकवून धरण्याचं साधनही. शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांची पदं कोणाच्या घरात बांधून दिलेली नव्हती. राज्याभिषेकाच्या वेळी सचिव होते अण्णाजी दत्तो. त्यांचा या गांडेकरांशी काही संबंध नाही. सचिवाचं काम डोळ्यांचं आणि लेखणीचं होतं: सरकारी पत्रं वाचून चूक दुरुस्त करायची, परगण्यांचे हिशेब तपासायचे. ते ज्याला येतं त्यालाच द्यायचं पद. पण शंकराजी नारायण गेल्यावर शाहू महाराजांनी सचिवपद दिलं ते त्यांच्या अजाण मुलाला, नारो शंकरला. मुलाच्या वतीने कारभार आई येसूबाई बघत. पुढे दमाजी थोराताने या नारो शंकरलाच धरून नेलं, आणि त्याची सुटका झाल्यावर येसूबाईंनी बाळाजी विश्वनाथांना पुरंदर किल्ला देऊन टाकला. ज्याला स्वतःचा कारभार अजून कळत नाही तो राज्याची पत्रं काय तपासणार? तेव्हापासून ‘पंत सचिव’ हे कामाचं नाव उरलं नाही, ते घराचं नाव झालं.

आता गादीवरची नावं पाहावीत. शंकराजी नारायणांपासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत भोरच्या गादीवर अकरा पुरुष बसले. त्यांत तीन शंकर, तीन चिमणाजी, तीन रघुनाथ. वेगळे फक्त दोन, नारो आणि सदाशिव, आणि नारोही खरं तर आजोबाच. शंकराजींचे वडील नारायण, म्हणून मुलगा नारो. चिमणाजी नारायण, चिमणाजी शंकर, चिमणाजी रघुनाथ हे तिघे बापाच्या नावावरून तरी वेगळे ओळखता येतात. पण १७८७ ते १७९१ या काळातले रघुनाथराव चिमणाजींचे पुत्र आणि १८२७ ते १८३७ मधले रघुनाथरावही चिमणाजींचेच. इथे साल पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. संस्थानिकांच्या घरांत दत्तक आलेल्या मुलाचं नावही बदलत, हे इथे लक्षात घ्यायला हवं. १८७५ मध्ये बडोद्याला गोपाळराव सयाजीराव झाले, १८८४ मध्ये कोल्हापूरला यशवंतराव शाहू झाले. रक्ताचा धागा जिथे पातळ होतो तिथे नावाने तो घट्ट करायचा.

यावर कोणी म्हणेल, आजोबांचं नाव नातवाला ठेवणं ही तर घरोघरची रीत. त्यात राजकारण कसलं? रीत घरोघरची होती हे खरंच. पण रीत एक असली तरी ती सगळीकडे एकच काम करत नाही. जिथे नावापाठोपाठ सनद, इनाम आणि गावं येत नाहीत तिथे ती आजोबांची आठवण असते. जिथे येतात तिथे ती हक्काची बजावणी होते. ही रीत माणसाच्या स्वभावातूनच येते असंही नाही, हे चीनकडे पाहिलं की कळतं. तिथे वडिलांचं, आजोबांचं किंवा सम्राटाचं नाव उच्चारणं आणि लिहिणंसुद्धा वर्ज्य होतं, मग मुलाला ते ठेवणार कुठून! तरीही एका नावाची माणसं तिथे इतकी झाली की सहाव्या शतकात लियांग घराण्याचा सम्राट युआन याच्या नावावर अशा समनामी लोकांची एक यादीच सांगितली जाते. आडनावं मोजकी असल्याने तिथे परके लोक एका नावाचे निघाले. बौद्ध भिक्षू तर चौथ्या शतकातल्या दाओआन या आचार्यापासून सगळेच ‘शी’ म्हणजे शाक्य हे एकच कुळनाव लावू लागले. भोरात नावं जुळली ती घरातल्या घरात.

वेगळ्या घराण्यांमध्ये नाव जुळण्याचा प्रकार याच डोंगरांत पाहायचा तर तो बाजींचा. मोसे खोऱ्याचे बाजी पासलकर, हिरडस मावळातल्या बांदलांकडचे बाजी प्रभू देशपांडे, रोहिड खोऱ्यात कारीचे बाजी सर्जेराव जेधे. तिघेही स्वराज्याच्या पहिल्या पिढ्यांतले, पण कोणाचा घोटाळा कोणाशी होत नाही, कारण प्रत्येकाला त्याचं आडनाव आणि त्याचं खोरं चिकटलेलं आहे. वेल्ह्याकडचं वरसगाव धरणाचं पाणी आज वीर बाजी पासलकरांच्या नावाने ओळखलं जातं. तिथे बाजी प्रभू कोणाच्या मनात येत नाहीत. ही नावं घराण्याने राखून ठेवलेली नव्हती, माणसांनी मिळवलेली होती.

समकालीनांना तरी कुठे अडचण होती, त्यांना हस्ताक्षर आणि शिक्का ओळखता येत होता, असाही एक आक्षेप घेता येईल. त्या पिढीपुरता तो मान्य. पण नंतरच्या पत्रांतून माणसाचं नाव मागे पडून नुसतं ‘पंत सचिव’ उरतं, आणि तिथून इतिहास लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढते. भोरचा नारो शंकर आणि नाशिकच्या घंटेचे नारोशंकर राजेबहाद्दर यांचंच बघा. नाव तेच, बापाचं नावही तेच, काळ लागूनच; इथे बापाचं नाव जोडण्याची युक्तीही चालत नाही. सोडवतात ती सालं. भोरच्या नारो शंकरची कारकीर्द १७३७ मध्ये संपली. नाशिकच्या रामेश्वर मंदिरावरची घंटा वसईच्या विजयाची मानतात, आणि वसई मराठ्यांनी घेतली १७३९ मध्ये.