दिनविशेष : ३ डिसेंबर १९८४
आदला दिवस आगमनकाळातला पहिला रविवार. ख्रिस्ती घरांत नाताळची चाहूल लागलेली. मध्यरात्रीच्या सुमारास भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू उसळला. जयप्रकाश नगरातली माणसं जळजळणारे डोळे चोळत, खोकत, लेकरं पोटाशी धरून धावत सुटली. हजारो दगावली. त्याच दिवशी गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मदर तेरेसा भोपाळला आल्या, रुग्णांच्या खाटांपाशी गेल्या. ‘क्षमा करा’ हा त्यांचा संदेश मात्र अनेकांना खटकला, आणि ते रास्तच होतं. ज्यांची घरंच्या घरं ओस पडली, त्यांच्याकडून इतक्या लवकर क्षमेची अपेक्षा कशी करायची? ख्रिस्ती सांत्वन तेवढंच नाही. बायबलमधली कितीतरी स्तोत्रं देवालाच जाब विचारतात. बायबलमधलाच ईयोब राखेत बसून देवाशी भांडतो, आणि त्याच्या तक्रारीला धर्मग्रंथात मानाची जागा आहे. शोकाला अशी मोकळीक देणारी श्रद्धा खरा आधार देते, असं मला मनापासून वाटतं.

भोपाळच्या भरपाईबाबत १९८९ मध्ये युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कारखान्यातला साठवलेला विषारी कचरा भोपाळबाहेर हलवायला जानेवारी २०२५ उजाडला.