नॉर्मनांचें राज्य आणि लोकांची वाणी

ज्युबिलीनिमित्त निघालेल्या ह्या स्मारक-पुस्तिकेंत दूरदेशच्या नॉर्मन लोकांची कथा कशाला, असा प्रश्न कोणी वाचक आम्हांस विचारील. त्यास आमचें उत्तर असें. ‘पॅरिश’ आणि ‘ज्युबिली’ हे जे दोन शब्द आज आपणां सर्वांच्या तोंडीं आहेत, ते आपल्याकडे इंग्रजी भाषेंतून आले, आणि इंग्रजी भाषेंत ते फ्रेंच भाषेंतून शिरले. ती वाट नॉर्मन लोकांनीं इ. स. १०६६ मध्यें तरवारीनें उघडली होती. ज्यांचे शब्द आपण सणासुदीस उच्चारतों, ते लोक कोण होते, त्यांनीं काय बांधिलें, काय मोडिलें, आणि अखेर काय टिकलें, ह्याचा विचार ज्युबिलीच्या दिवशीं करणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

‘नॉर्मन’ म्हणजे उत्तरेकडील मनुष्य. नवव्या शतकांत स्कँडिनेव्हियांतील हे दर्यावर्दी लोक लांब व उथळ गलबतें घेऊन सीन नदीच्या मुखांत शिरत, आणि तीरावरील गांवें व मठ लुटून जाळीत. मठांत सोन्याचांदीचीं पात्रें असत आणि रक्षणास शस्त्र नसे; म्हणून मठांवर त्यांची दृष्टि विशेष. इ. स. ८४१ मध्यें त्यांनीं झ्युमिएज येथील प्राचीन मठ जाळिला. शेवटीं इ. स. ९११ मध्यें फ्रँक लोकांचा राजा तिसरा चार्ल्स यानें त्यांच्यांतील रोलो नांवाच्या नायकाशीं करार केला. सीन नदीच्या खालच्या अंगाचा मुलूख रोलोनें घ्यावा, बाप्तिस्मा स्वीकारावा आणि इतर चांच्यांपासून त्या मुलखाचें रक्षण करावें, असें ठरलें. तोच मुलूख पुढें नॉर्मंडी ह्या नांवानें प्रसिद्ध झाला.

करारांतील अटीनें घेतलेला बाप्तिस्मा मनुष्याचें अंतःकरण एका दिवसांत पालटतो, असें आम्ही म्हणणार नाहीं. धर्म त्या लोकांत मुरला तो पिढ्यानुपिढ्यांनीं, आणि मुख्यतः घरांत. पुष्कळांनीं त्या देशच्या स्त्रियांशीं लग्नें केलीं, आणि मुलें आईच्या भाषेंत बोलूं व प्रार्थना करूं लागलीं. रोलोचा नातू पहिला रिचर्ड लहान असतां त्याला पूर्वजांची भाषा यावी म्हणून बायू गांवीं पाठवावें लागलें, कारण राजधानी रूआँ येथें ती फारशी चालेनाशी झाली होती, असें त्या घराण्याचा इतिहासकार दूदो लिहितो. जिंकणाराची भाषा दोन-तीन पिढ्यांत गेली. पाळण्याशीं बसलेल्या आईची भाषा राहिली. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारण पुढें हेंच पुन्हां घडावयाचें आहे.

इ. स. १०६७ मध्यें झ्युमिएजच्या त्याच मठाच्या नूतन मंदिराचें पवित्रीकरण झालें. त्या समारंभास हजर असलेला ड्यूक विल्यम हा रोलोपासून सहाव्या पिढीचा पुरुष. ज्यांच्या पूर्वजांनीं मठ जाळिले, त्यांनींच आतां मठ उभारावे, ही देवाची करणी होय. बेक येथील मठ तर विद्येचें माहेरघर झाला. इटलींतून आलेले लान्फ्रांक व संत आन्सेल्म हे दोघे त्याच मठांत राहिले, आणि पुढें एकामागून एक कँटरबरीचे आर्चबिशप झाले.

परंतु मंदिर बांधणारा हात तरवारहि धरून होता. इ. स. १०६६ च्या जानेवारींत इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक मरण पावला व हॅरल्ड गादीवर बसला. विल्यमनें त्या गादीवर आपला हक्क सांगून पोप दुसरे अलेक्झांडर यांचा पाठिंबा मिळविला, आणि १४ ऑक्टोबर रोजीं हेस्टिंग्जजवळच्या रणांत हॅरल्ड पडला. नाताळच्या दिवशीं वेस्टमिन्स्टर येथें विल्यमला राज्याभिषेक झाला.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. विजयानंतर थोड्याच वर्षांत नॉर्मन बिशपांनीं, पोपच्या प्रतिनिधीच्या संमतीनें, विजयी सैनिकांकरितांच प्रायश्चित्ताचे नियम ठरविले. त्या लढाईंत ज्यानें मनुष्य मारिला असेल त्यानें दर मनुष्यामागें एक वर्ष प्रायश्चित्त करावें. घाव घातला पण पुढें तो मेला कीं नाहीं हें ठाऊक नसेल, तर दर मनुष्यामागें ४० दिवस. आणि ज्या तिरंदाजांस आपल्या बाणानें कोण पडलें हें सांगतांच येत नाहीं, त्यांनीं तीन उपवासकाळ प्रायश्चित्त करावें. ज्या पक्षास ख्रिस्तसभेनें अनुकूलता दाखविली, त्याच पक्षास तिनें रक्ताचा हिशेब विचारिला. रणभूमीवर विल्यमनें मठ बांधिला. हॅरल्ड पडला त्याच जागीं मुख्य वेदी होती, असें परंपरा सांगते.

तरीहि राजाची तरवार म्यान झाली नाहीं. इ. स. १०६९-७० च्या हिवाळ्यांत उत्तरेकडील बंड मोडतांना त्यानें धान्य, गुरें व अवजारें सरसकट जाळविलीं, आणि मागाहून आलेल्या दुष्काळांत अगणित माणसें मेलीं. ह्या कृत्याचा निषेध कोणीं केला? नॉर्मंडींतीलच एका मठवासीयानें. ऑर्डेरिक व्हिटालिस हा इ. स. १०७५ मध्यें इंग्लंडांत जन्मला. बाप फ्रान्सकडचा, आई इंग्रज. तो दहा वर्षांचा असतां बापानें त्याला समुद्रापार सेंट एव्रूलच्या मठांत पाठविलें, आणि बापलेकांची पुन्हां दृष्टभेट झाली नाहीं. तेथें कानीं पडणारी भाषा त्या पोराला कळेना. ईजिप्त देशांत योसेफाची जी स्थिति झाली तीच आपली झाली, असें त्यानें उतारवयांत लिहून ठेविलें आहे. ह्याच ऑर्डेरिकनें आपल्या इतिहासांत विल्यमच्या पराक्रमाची वाखाणणी केली. परंतु निरपराध लेंकरांस व म्हाताऱ्यांस उपाशी मारणाऱ्या त्या संहाराची स्तुति आपणांस करवत नाहीं, आणि देव त्याचा झाडा घेतल्यावांचून राहणार नाहीं, असेंहि त्यानें निक्षून सांगितलें. परक्या भाषेचें दुःख ज्यानें बालपणीं सोसलें, त्यालाच जित लोकांचें दुःख कळलें.

आतां समाजस्थितीकडे वळूं. विल्यमनें इंग्रज सरदारांच्या जमिनी काढून आपल्या अनुयायांस वांटल्या व जागोजाग किल्ले बांधिले. इ. स. १०८६ मध्यें त्यानें गांवोगांवचीं शेतें, नांगर, गिरण्या व माणसें यांची मोजणी करविली. त्या दप्तरास लोक ‘डूम्सडे’, म्हणजे न्यायदिनाचें पुस्तक, म्हणूं लागले, कारण त्यांतील नोंदीवर दाद लागत नसे. त्या मोजणींत शेंकडा सुमारें दहा माणसें गुलाम म्हणून नोंदलेलीं आहेत. ब्रिस्टल बंदरांतून माणसें आयर्लंडांत विकण्याचा धंदा चाले. वूस्टरचे बिशप संत वुल्फ्स्टन यांनीं तेथें वारंवार जाऊन लोकांस उपदेश करून तो धंदा बंद पाडिला. विल्यमच्या कारकीर्दीच्या अखेरीस इंग्रज वंशाचे तेवढे एकच बिशप उरले होते. पुढें इ. स. ११०२ मध्यें आर्चबिशप आन्सेल्म यांनीं वेस्टमिन्स्टर येथें भरविलेल्या धर्मसभेनें माणसें जनावरांप्रमाणें विकण्यास बंदी केली. बाराव्या शतकांत ती गुलामगिरी हळूहळू नाहींशी झाली. कुळें मात्र जमिनीशीं जखडलेलीं राहिलीं, हेंहि सत्य लपवितां कामा नये.

नॉर्मन लोकांची दुसरी एक शाखा दक्षिण इटलींत जाऊन सिसिली बेटाची धनी झाली. तेथें इ. स. ११३० च्या नाताळांत राज्याभिषेक झालेल्या दुसऱ्या रॉजर राजाच्या दरबारीं लॅटिन, ग्रीक व अरबी ह्या तिन्ही भाषा चालत. पालेर्मो येथील ग्रिझांतस नामक धर्मगुरूनें इ. स. ११४९ मध्यें आपली माता आन्ना हिच्या स्मरणार्थ एक शिळा बसविली. तीवर लॅटिन, ग्रीक व अरबी ह्या तीन भाषांत, आणि शिवाय हिब्रू लिपींत लिहिलेल्या अरबींत, असा चार प्रकारें लेख कोरिला आहे. आपल्या आईचें नांव शेजारच्या सर्व लोकांस वाचतां यावें, एवढें औदार्य त्या राज्यांत कांहीं काळ नांदत होतें.

इंग्लंडांत मात्र भाषांची उतरंड लागली. वेदीवर व विद्येंत लॅटिन, वाड्यांत व न्यायासनापुढें फ्रेंच, आणि नांगरामागें व चुलीपुढें इंग्रजी. तिची खूण शब्दांवर अद्यापि उमटलेली आहे. जिवंत मेंढरास इंग्रजींत ‘शीप’ म्हणतात, तो गुराख्याचा शब्द. त्याचें मांस ताटांत आलें म्हणजे तें ‘मटन’ होतें, तो नॉर्मन धन्याचा शब्द. आपण बाजारांत ‘मटण’ मागतों तेव्हां नकळत त्या धन्याचीच भाषा बोलतों. कोर्ट, जज्ज, वॉरंट, जेल हे आपल्या खेड्यापाड्यांत पोंचलेले शब्दहि त्याच मार्गानें आलेले आहेत. मध्ययुगांत सुमारें १०,००० फ्रेंच शब्द इंग्रजींत शिरले, असा भाषापंडितांचा अंदाज आहे.

एवढा लोंढा आला तरी मूळ भाषा बुडाली नाहीं. इंग्रजींतील ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना पाहावी. तींत बाप, स्वर्ग, पृथ्वी, नांव, राज्य, भाकर, क्षमा ह्या अर्थांचे सर्व शब्द जुन्या इंग्रजीचे आहेत. फ्रेंच वळणाचे शब्द तिनांहून अधिक नाहींत, आणि त्यांचे अर्थ अपराध, मोह व सुटका असे आहेत. बापाला हांक मारण्यास आणि भाकर मागण्यास लोकांनीं परका शब्द घेतला नाहीं.

ती भाषा कोणीं राखिली? प्रथम आयांनीं, आणि त्यांच्या मागोमाग साध्या मठवासीयांनीं व धर्मगुरूंनीं. पीटरबरोच्या मठांत इ. स. ११५४ पर्यंत इतिवृत्त इंग्रजींतच लिहिलें जात होतें. त्याच शतकांत ओर्म नांवाच्या एका ऑगस्टीनसंप्रदायी मठवासीयानें शुभवर्तमानाचीं निरूपणें इंग्रजी पद्यांत रचिलीं. कोणता स्वर ऱ्हस्व उच्चारावा हें वाचणारास कळावें म्हणून तो पुढील व्यंजन दोनदां लिही. फ्रेंच वळणाच्या जिभेनें ऐकणाऱ्या कुणब्याचा घोंटाळा करूं नये, हाच त्याचा हेतु असावा. इ. स. १२८१ मध्यें आर्चबिशप पेकम यांनीं लँबेथच्या धर्मसभेंत असा नियम केला कीं, प्रत्येक धर्मगुरूनें वर्षांतून चार वेळां श्रद्धेचीं कलमें, दहा आज्ञा, दयेचीं कृत्यें व सात संस्कार हीं लोकांस त्यांच्या बोलीभाषेंत, शब्दांचें अवडंबर न माजवितां समजावून सांगावीं. राजदरबारास हें उमगण्यास आणखी काळ लागला. इ. स. १२०४ मध्यें इंग्लंडच्या राजाच्या हातून नॉर्मंडी गेली, आणि इ. स. १३६२ मध्यें, फ्रेंच भाषा लोकांस समजत नाहीं म्हणून न्यायालयांत इंग्रजी बोलावी, असा कायदा झाला. तो कायदा लिहिला होता मात्र फ्रेंचमध्येंच! असो. रोलोच्या वंशजांची भाषा दुसऱ्यांदा हरली, आणि तीहि पाळण्याशींच.

ह्या कथेचा एक धागा थेट आपल्या दारापर्यंत येतो. त्याच इंग्रज राष्ट्रांतील एक पुरुष, येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स, इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले. राज्य पोर्तुगीजांचें, विद्या लॅटिनची, स्वतःची मातृभाषा इंग्रजी. परंतु सासष्टीच्या ख्रिस्ती लोकांस तारणाची कथा सांगण्यासाठीं त्यांनीं मराठीची ओवी हातीं घेतली. इ. स. १६१६ मध्यें छापून निघालेलें त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ सुमारें अकरा हजार ओव्यांचें आहे. पुढें इ. स. १६८४ मध्यें गोव्याच्या राज्यकर्त्यांनीं लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी, असें फर्मान काढिलें. तें राज्य इ. स. १९६१ मध्यें संपलें. कोंकणी आजहि बोलली जाते, आणि फादर स्टीफन्स यांच्या ओव्याहि वाचल्या जातात.

ज्युबिलीच्या दिवशीं आम्हांस अधिक आठवण होते ती त्या वूस्टरच्या वृद्ध बिशपांची. इ. स. १०८४ मध्यें नॉर्मन पद्धतीचें नवें, विशाल मंदिर बांधण्यास आरंभ झाला. जुनें मंदिर पाडूं लागतांच वुल्फ्स्टन यांच्या डोळ्यांस पाणी आलें. लोकांनीं कारण विचारलें, तेव्हां ते म्हणाले, त्याचा आशय असा: पूर्वींच्या संतांस असलीं डौलदार मंदिरें बांधतां येत नव्हतीं, मिळेल त्या छपराखालीं ते स्वतःलाच देवास अर्पण करीत आणि आपल्या कळपास वळण लावीत, आम्ही मात्र दगडांवर दगड रचतों, आणि आत्म्यांची हयगय करितों. त्यांनीं बांधविलेल्या मंदिराचें तळघर वूस्टर येथें अद्यापि उभें आहे. पण त्याच्या खांबांहून त्या अश्रूंची स्मृति आम्हांस अधिक बळकट वाटते.

प्रिय धर्मबंधूंनो व भगिनींनो, दगडांचा हिशेब ठेवणें सोपें. आपल्या मुलांस आपल्या भाषेंत ‘आमच्या बापा’ शिकविणाऱ्या आयांचा हिशेब कोणत्याहि दप्तरांत नसतो. तो ज्याच्या दप्तरांत आहे, त्याच्याच चरणीं ही ज्युबिली आम्ही नम्रपणें अर्पण करितों.