रोग अंडाशयाचा, उगम शेजारचा

डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, डॅनव्हिल या गावी, जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या बाई साठ मैल घोड्यावरून येऊन पोचल्या. पोट इतके वाढलेले, की आधी तपासणाऱ्यांना त्या गरोदर वाटल्या होत्या. इफ्राइम मॅकडॉवेल या शल्यवैद्याने गाठीचे निदान केले आणि भूल देण्याची विद्या अजून जन्मायची असताना, स्वतःच्या घरातच पोट उघडून अंडाशयाची साडेबावीस पौंडांची गाठ बाहेर काढली. बाई त्यानंतर बत्तीस वर्षे जगल्या. ती गाठ बहुधा कर्करोगाची नसावी. पण अंडाशय वैद्यकाच्या हाती लागले ते या घटनेपासून. पुढे अनेक दशके वाद चालला तो अशी गाठ काढावी की काढू नये, याचाच. ती मुळात होते कशाने, हे विचारायला कुणाला फारशी उसंत नव्हती.

या प्रश्नाला पहिले भरीव उत्तर मिळाले ते सूक्ष्मदर्शकातून. १८७० साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म वाल्डेयर यांनी अंडाशयावर पेशींचे एक पातळ आवरण असल्याचे वर्णन केले. अंडी याच थरातून उपजतात अशा समजुतीने त्यांनी त्याला जननस्तर म्हटले. ही समजूत पुढे चुकीची ठरली, पण नाव टिकले आणि नावाबरोबर संशयही टिकला. अंडाशयाचे बहुतेक कर्करोग या आवरणातूनच निघतात, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे शिकवले गेले. १९२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी इथल्या जॉन सॅम्पसन यांनी एक वेगळी वाट दाखवली होती. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक भलत्या ठिकाणी रुजते, त्या एंडोमेट्रिओसिसमधून अंडाशयात कर्करोग उद्‌भवू शकतो, असे त्यांनी दाखवले. म्हणजे रोग अंडाशयात दिसला तरी त्याचे बीज बाहेरून आलेले असू शकते. सॅम्पसन यांचे नाव एंडोमेट्रिओसिसच्या संदर्भात गाजले. त्यांच्या निरीक्षणातला हा धागा मात्र बराच काळ कुणी पुढे ओढला नाही.

आता आपण अंमळ मागे, इटलीत जाऊ. कामधंद्यातून होणाऱ्या रोगांवरचा बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांचा ग्रंथ १७०० साली निघाला आणि १७१३ मध्ये विस्तारून पुन्हा छापला गेला. मठातल्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग अधिक होतो, असे या वैद्याने नोंदवून ठेवले होते. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या जोगिणींच्या मृत्यूंचे आकडे तपासले गेले, तेव्हा अंडाशयाच्या बाबतीतही तोच कल दिसला. ज्यांना मूल झालेले नाही त्यांना धोका जास्त, आणि प्रत्येक बाळंतपणागणिक तो उतरत जातो. असे का व्हावे, याचे उत्तर १९७१ साली इजिप्तमधल्या महमूद फथल्ला या स्त्रीरोगतज्ज्ञाने ‘लॅन्सेट’मध्ये एका छोट्याशा लेखात मांडले. स्त्रीच्या आयुष्यात सुमारे चारशे वेळा अंड सुटते, दर वेळी अंडाशयाच्या आवरणाला चीर पडते आणि ती सांधावी लागते. हे फाटणे-सांधणे अखंड चालू राहिले, तर पेशींच्या नकलेत कधीतरी चूक होणारच. गरोदरपण आणि अंगावर पाजणे यांमुळे या चक्राला विसावा मिळतो. जवळजवळ रोज अंडे देणाऱ्या कोंबडीला हा कर्करोग आपोआप होतो, ही गोष्टही या तर्काशी जुळणारी होती.

या तर्काची कसोटी लागली ती ध्यानीमनी नसताना. १९६० साली अमेरिकेत संततिनियमनाची गोळी आली आणि लाखो बायकांचे अंडमोचन वर्षानुवर्षे थांबले. २००८ मध्ये ऑक्सफर्डच्या व्हॅलेरी बेराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ देशांतले ४५ अभ्यास एकत्र केले. गोळी जितकी वर्षे घेतली तितका धोका कमी, पंधरा वर्षांनी जवळजवळ निम्मा, आणि गोळी बंद केल्यावरही हे संरक्षण दीर्घकाळ टिकते, असा निष्कर्ष निघाला. फथल्ला यांचा अंदाज आकड्यांनी उचलून धरला. त्यांनी सांगितलेली जागाही बरोबर होती का, हे ठरायचे होते.

त्याच १९७१ साली ब्रिटनमधल्या कार्डिफ इथे अंडाशयाच्या गाठींमध्ये टाल्कचे कण सापडले आणि घरोघरीच्या पावडरीच्या डब्यावर संशय गेला. टाल्क आणि अ‍ॅस्बेस्टॉस ही खनिजे जमिनीत शेजारी-शेजारी सापडतात. त्यांपैकी अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल वाद उरलेला नाही. त्याने अंडाशयाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केले आहे. टाल्कचे प्रकरण तितके सरळ नाही. २०२० साली अडीच लाखांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा ठाम संबंध हाती आला नाही. तरी २०२४ मध्ये त्याच संस्थेने टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात बसवले. माझ्या मते या संशयाला पावडरीवरून झालेल्या कोर्टकचेऱ्यांनी पुराव्यापेक्षा अधिक वजन दिले.

घराण्याचा धागा याहून जुना. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने १८६६ साली पत्नीच्या कुळातली कर्करोगाची वंशावळ छापली होती. वैद्यकाने तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. शंभर वर्षांनी अमेरिकेतल्या ओमाहा इथे हेन्री लिंच अशीच घराणी धुंडाळू लागले. कर्करोग असा वारशाने येतो, हे मानायला त्यांचे समकालीन तयार नव्हते. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दोषी जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली. १९९४ साली ‘बीआरसीए-१’ हाती आले, पुढच्या वर्षी ‘बीआरसीए-२’. एरवी शंभरातल्या एखाद-दुसरीला होणारा हा रोग, पहिल्या जनुकात बिघाड असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत चाळीसहून अधिक जणींना गाठतो; दुसऱ्यात असेल तर सतराएक जणींना.

या शोधाने कलाटणी मिळाली ती अनपेक्षित ठिकाणी. दोष असलेल्या स्त्रिया रोग होण्याआधीच अंडाशये काढून घेऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर अंडवाहिन्याही प्रयोगशाळेत येऊ लागल्या. १५६१ साली गाब्रिएले फालोप्पिओ यांनी वर्णन केलेल्या या नळ्यांचा तोवर एखादा तुकडा पाहून बाकीचा भाग बाजूला सारला जाई. २००१ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी अशा १२ स्त्रियांच्या नळ्या बारकाईने पाहिल्या. सहा जणींच्या नळ्यांत कर्करोगाकडे झुकलेल्या पेशी निघाल्या. पाठोपाठ बोस्टनच्या ख्रिस्तोफर क्रम यांच्या चमूने नळीच्या झालरीसारख्या टोकाचे बारीक काप घेऊन ते तपासण्याची रीत घालून दिली. या रोगाचा सर्वांत घातक आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार बऱ्याचदा याच टोकाला सुरू होऊन अंडाशयावर उतरतो, हे मग उलगडत गेले. झालर अंडाशयाला अगदी खेटून असते. दर महिन्याला अंड सुटताना बाहेर पडणाऱ्या द्रवात तीच न्हाऊन निघते. फथल्ला यांनी मोजलेली चारशे अंडमोचने अशी नव्या जागी कामाला आली.

एक जुने कोडेही हलके झाले. याच नळ्या बांधून नसबंदी केलेल्या स्त्रियांना हा रोग कमी होतो, असे अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातून १९९३ साली दिसले होते. आपल्याकडे संततिनियमनाचा सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे बायकांचे हेच ऑपरेशन. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा या वाटेने असाही एखादा लाभ पदरात पडेल, हे कुणाच्या मनात येणे शक्य नव्हते.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१० पासून एक मोहीम सुरू झाली. गर्भाशय काढताना किंवा नसबंदी करताना नळ्या बांधण्याऐवजी पूर्ण काढाव्यात आणि अंडाशये जागेवर राहू द्यावीत, असे तिथल्या शल्यवैद्यांना सांगितले गेले. २०२२ साली जाहीर झालेल्या पाहणीत, नळ्या काढलेल्या स्त्रियांमध्ये त्या घातक प्रकाराचा एकही रुग्ण आढळला नाही. नेहमीच्या हिशेबाने पाचएक अपेक्षित होते. बीआरसीएचा दोष असलेल्या स्त्रियांनी मात्र आधी फक्त नळ्या काढून अंडाशये काही वर्षांनी काढली, तर चालेल का, हे नेदरलँड्समध्ये तपासले जात आहे. अकाली रजोनिवृत्तीचा त्रास त्याने पुढे ढकलता येतो. संरक्षण तितकेच मिळते की नाही, हे सांगणारे आकडे जमायला अजून बरीच वर्षे लागतील.