कठड्याचे लाकूड

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात माझ्या एका स्नेह्याकडे वडिलांच्या वेळची शिडाची होडी आहे. मासेमारीला ती आता जात नाही. यंत्राच्या होडीने तिला केव्हाच घरी बसवले. पण नारळी पौर्णिमेला तिला रंग लागतो, शीड चढते आणि घरची मुलेमाणसे खाडीत एक फेरी मारून येतात. यंदाच्या फेरीत नातवाने तोल सावरायला कठडा धरला, तर धरलेला तुकडाच त्याच्या हातात आला. पोर पाण्यात जायचे थोडक्यात वाचले.

"मास्तर, तुम्ही इतिहास शिकवता ना? मग सांगा, नवा कठडा कसल्या लाकडाचा करू?" नाखवा म्हणाला. यात थट्टाच होती. लाकडातले त्याला माझ्यापेक्षा शतपटीने कळते. पण प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. कारण याच पाण्याच्या वरच्या अंगाला, कल्याणास, हाच प्रश्न एकदा एका राजाला पडला होता.

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांच्या फौजेने कल्याण-भिवंडी घेतली. तिथी वसुबारसेची. आपण गाय-वासराची पूजा करतो त्या दिवशी स्वराज्याला समुद्राचे दार उघडले. पुढे दोन वर्षांत कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधायला सुरुवात झाली. कामावर रुई लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखालची बरीच माणसे होती. सिद्दीवर चालणारी ही जहाजे उद्या आपल्यावरही उलटतील, ही धास्ती वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने घेतली, आणि त्याच्या फुसलावणीने ही सारी मंडळी काम टाकून वसईला निघून गेली. कारागीर पळाले, पण लाकूड कुठे पळणार? ते इथेच होते. आरमार थांबले नाही. पुढे मायनाक भंडारी, दौलतखान, दर्यासारंग ही नावे समुद्रावर गाजली.

लाकडाच्या बाबतीत कल्याणची कीर्ती त्याहून कितीतरी जुनी. सहाव्या शतकातल्या कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालात कापडाबरोबर शिसवाचे ओंडके सांगितले आहेत. मुरबाड-शहापूरच्या रानात साग आजही आहे.

तर मग कठड्याला शिसव का नको? मी नाखव्याला विचारले. तो म्हणाला, "जड. होडीचे वजन खाली असावे, वर नव्हे." आंबा? स्वस्त खरा, पण कठड्याचे दुखणे असे की तो धड पाण्यात नाही, धड सुक्यात नाही. रात्री खारे दव, दिवसा ऊन. अशा ओल्यासुक्यात आंबा लवकर नासतो. कुजणे सुरू होते तेही खिळ्याच्या भोकापासून, पाणी जिथे मुरून बसते तिथे. सागाच्या अंगातच तेल. कीड त्याला सहसा शिवत नाही, तो फारसा फुगत-आकसत नाही, आणि लोखंडाचा खिळा त्यात सुखाने राहतो. विलायतेतल्या ओकच्या आंबटपणाने खिळे खाल्ले जातात. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी १८१७ साली पाण्यात सोडलेली सागाची 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. मात्र साग घ्यावा तो गाभ्याचा आणि सरळ रेषेचा. बाहेरचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी कुजते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचे प्रकरण आहे. इयत्ता नववीला ते मी दरवर्षी वाचून दाखवतो. सागासारखी झाडे परवानगीने रानातून तोडावीत, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झालेच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच तोडावे. तोफा आणि गलबते मागणाऱ्या राज्याने एखाद्या म्हातारीच्या परसातल्या झाडाचा हा विचार करावा, हे मला त्या राज्याच्या किल्ल्यांइतकेच मोठे वाटते.

वर्गात हे वाचताना माझा आवाज चढतो. यंदा मात्र चढला नाही. कल्याणला पारनाक्याजवळचा आमचा वाडा गेल्या वर्षी पाडला. आम्ही अकरा चुलतभाऊ. कागदावर अकरा सह्या. त्या कागदात विहीर, दोन खोल्या आणि 'फणस एक' असे लिहिले होते. फणस आजीने लावलेला, ऐन भरातला. मी वाचले आणि सही केली. चार दिवसांनी गेलो तर झाड टेम्पोत चढत होते. लाकडाचे मोल कोणी दिले नाही, आणि आम्हीही मागितले नाही. धाकटी काकू ऐंशीच्या पुढची. तिने एवढेच विचारले, "पाटी लावायची होती का रे झाडाला, तुमच्या इतिहासाची?"

माझ्या वाट्याला माजघराची एक तुळई आली होती. ब्लॉकच्या गॅलरीत ती वर्षभर आडवी पडून होती. नाखव्याला म्हटले, घेऊन जा. त्याने रंध्याने एक पट्टा काढला, तर आतून सोनेरी गाभा निघाला; आजोबांच्या वेळचे लाकूड, पण ताज्यासारखा वास सुटला. दोन्ही बाजूंचा कठडा त्या एका तुळईत झाला.

गणपती गेल्यावर तो बसवला. मी पाहायला गेलो तेव्हा नाखवा तेल चोळत होता. पट्टीच्या मध्यावर एक गोल भोक होते, जिथे आमच्या पाळण्याची कडी असे. "राहू दे की," मी म्हटले.

"मास्तर, पाणी तिथेच मुरेल," तो म्हणाला, आणि त्याने सागाचीच एक खुंटी तासून त्यात ठोकली.