‘ओ’ नमुन्याची कुळकथा

गणपतीच्या आगेमागे गावोगावच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभा लागतात. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणी-धामणीच्या कमी पावसाच्या पट्ट्यातही हाच हंगाम. (लोणी म्हटलं की सहकारातल्या माणसाला प्रवरानगरचं, विखे पाटलांचं लोणी आठवतं, हे लोणी ते नव्हे.) सचिव अहवाल वाचतो, मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ येतं आणि चहा होतो. विषयपत्रिकेवर मात्र एक विषय दरवर्षी असतो आणि त्यावर सहसा कुणी तोंड उघडत नाही : लेखापरीक्षण अहवाल व दोषदुरुस्ती अहवाल.

हा दोषदुरुस्ती अहवाल ‘ओ’ नमुन्यात भरायचा असतो. लेखापरीक्षकाने काढलेला शेरा आणि त्यावर संस्थेने काय केलं ते, असा साधा मामला. विधी महाविद्यालयांच्या पदव्युत्तर वर्गांत आज ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स, रिस्क अँड कम्प्लायन्स’ नावाने जे शिकवलं जातं, त्याचं गावातलं रूप म्हणजे हा कागद. त्याचं कूळ मात्र बरंच जुनं आहे.

आणि ते शोधायला लांब जायला नको. शेजारच्या जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतले सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख वाचावेत. एक लेणं धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेलं आहे. दुसऱ्या एका लेखात बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसा गुंतवल्याची नोंद आहे. मूळ प्राकृतात ‘कासाकार’ आहे, म्हणजे आपला कासारच. माणसं बदलली तरी श्रेणी टिकेल आणि ठेव बुडणार नाही, हा भरवसा असल्याशिवाय कोणी असा पैसा ठेवत नाही. ठेव आली की ती खाणाराही येतो. याज्ञवल्क्यस्मृतीत त्याची सोय आहे : समूहाचं द्रव्य हरण करणाऱ्याचं सर्वस्व काढून घ्यावं आणि त्याला राष्ट्राबाहेर घालवावं. समूहाचा कारभार पाहणारे ‘कार्यचिंतक’ शुचिर्भूत आणि निर्लोभी असावेत, असंही ती सांगते. संचालकांच्या पात्रतेचं कलम म्हणतात ते हेच.

शिक्षा सांगणं सोपं, चोरी वेळीच दिसणं अवघड. त्याची तोड मराठेशाहीने काढली, ती दरखदारांची. मामलतदाराच्या बरोबरीने दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे हे दरखदार अधिकारी नेमलेले असत. मुजुमदार जमाखर्च तपासायचा. आज आडनाव म्हणून उरलेला हा शब्द मुळात ‘बेरजेचा धनी’ अशा अर्थाचा आहे. या रचनेतली खरी मेख वेगळीच होती. दरखदाराला काढण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता, की त्याचं काम दुसऱ्याला देण्याचाही नव्हता. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्या हाती नजर ठेवणाऱ्याची भाकरी नव्हती. पुढे दरखही वतनं झाली. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती मक्त्याने जाऊ लागल्या. मक्तेदाराला वसुलीशी मतलब, तपासणीचं त्याला काय? रचना मोडली, शब्द राहिले. ‘ताळेबंद’ हा त्यांतलाच.

मग इंग्रजी कायदा आला, तोही कर्जाच्या वाटेने. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्याच सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. दंगा मुख्यतः कागदांवर होता, कारण फसवणूक कागदावर होत होती. 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला आणि 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा. या दुसऱ्या कायद्यातच निबंधकाने दरवर्षी प्रत्येक संस्थेचे हिशेब तपासायचे, असं बंधन होतं. ‘ऑडिट’ हा शब्द ‘ऐकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि तपासणारा ते ऐके. आपल्याकडे अहवाल आजही मोठ्याने वाचतात. ऐकतं कोण, हा प्रश्न निराळा.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा. तो 26 जानेवारी 1962 पासून लागू झाला. त्याचं कलम 81 लेखापरीक्षणाचं, 82 दोषदुरुस्तीचं. अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत दोषांचा खुलासा करायचा, ते दुरुस्त करायला पावलं उचलायची आणि निबंधकाला कळवायचं. 1992 मध्ये इंग्लंडात कॅडबरी समितीने सांगितलं की कंपन्यांनी आचारसंहिता पाळावी, नाहीतर का पाळली नाही ते जाहीर करावं. जगभरच्या अभ्यासक्रमांत हे तत्त्व कौतुकाने शिकवतात. आपल्या सोसायट्यांचे सचिव तोवर तीस वर्षं लेखी खुलासे देत होते!

अर्थात, खुलासे वाचले तर कौतुक जरा ओसरतं. ‘थकबाकी वसुलीचे प्रयत्न करावेत’ या शेऱ्यापुढे ‘नोंद घेतली, यापुढे दक्षता घेऊ’ असं उत्तर येतं आणि पुढल्या वर्षी तोच शेरा. मार्चअखेरीचं ‘नवं-जुनं’ तर सगळ्यांना ठाऊक आहे : जुनं कर्ज कागदावर भरायचं, नवं उचलायचं, वसुली दिसते झकास. कोरडवाहू गावातल्या शेतकऱ्याची ती नाइलाजाची तडजोड असते. पण ‘जोखीम’ शब्दाचा अर्थ शिकायचा तर याहून चांगला धडा नाही.

हिशेब तपासण्याच्या या विद्येची परीक्षाही आपल्याकडे जुनी आहे. सहकार व लेखा पदविका, बोलीत जीडीसी अँड ए. पदवीनंतर देता येते आणि पुण्यातलं सहकार आयुक्तालय ती घेतं. सहकार कायदा, लेखाकर्म आणि लेखापरीक्षण एकत्र शिकवणारी ही पदविका एलएलएमइतकी रुबाबदार नाही. तालुक्याच्या सोसायट्यांची दप्तरं तपासायला मात्र तीच जास्त कामाला येते.

माझी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. 2013 च्या दुरुस्तीपासून शासनमान्य नामतालिकेतून लेखापरीक्षक निवडण्याचं काम संस्थेच्याच सर्वसाधारण सभेकडे आलं. स्वायत्तता म्हणून ते ठीक. पण ठरावावर ‘मंजूर’ म्हणणारी सभा बहुतेक वेळा संचालकांनी सुचवलेल्या नावालाच मान हलवते. मामलतदाराला आपला मुजुमदार निवडता येत नव्हता. आपल्या संचालक मंडळाला तो जवळजवळ निवडता येतो. या एका बाबतीत आपण पेशवाईच्या मागे गेलो, असं माझं मत आहे.

तेव्हा 30 सप्टेंबरच्या आत होणाऱ्या सभेला जाल, तर चहाआधी एवढंच विचारा : मागच्या वर्षीचे किती शेरे यंदाही तसेच आहेत? आणि सभेआधी सोसायटीच्या कार्यालयात एक फेरी मारा. कलम 32 प्रमाणे शेवटचा तपासलेला ताळेबंद आणि सभेची इतिवृत्तं सभासदाला कार्यालयीन वेळेत पाहता येतात, आणि तीही फुकट.