शब्दाला दिशा देताना

उपासनामंदिर प्रशस्त असावे, त्याच्या छताकडे पाहताना मान आपोआप उंचवावी, असे कोणास वाटत नाही? परंतु जे उंच छत डोळ्यांना सुखावते, तेच पुष्कळदा कानांचे वैरी ठरते. दगडी भिंती, गुळगुळीत फरशी आणि घुमट आवाज गिळत नाहीत, परत फेकतात. पहिला शब्द विरण्यापूर्वीच दुसरा येऊन त्यावर आदळतो. गायनाला हे घुमणे शोभा आणते. प्रवचनाला मात्र ते मारक ठरते.

आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती. म्हणूनच जुन्या मंदिरांत प्रवचनपीठ वेदीपाशी न ठेवता लोकांच्या मधोमध, बाजूच्या भिंतीला उंचावर बसवीत आणि त्यावर लाकडी छत्र धरीत. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत असे पीठ आजही पाहावयास मिळते. ते छत्र केवळ नक्षीसाठी नव्हे. वर उधळणारा आवाज खाली लोकांकडे वळविणे हे त्याचे काम. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे शिल्पकार सर ख्रिस्तोफर रेन यांनी तर हिशेबच मांडला होता : मध्यम आवाजाच्या धर्मोपदेशकाचे बोलणे समोर ५० फूट, दोन्ही बाजूंस ३० फूट आणि मागे २० फूट ऐकू जाते. त्यांचे स्वतःचे कॅथीड्रल मात्र या मापात मावणारे नव्हते!

विसाव्या शतकात ध्वनिवर्धक आला. १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे हजारोंच्या जमावाला त्याचा प्रत्यय दिला. आता प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटले असेल. परंतु घुमणाऱ्या वास्तूत आवाज वाढविला की घुमणेही तितकेच वाढते. उणीव मोठ्या आवाजाची नव्हतीच, उणीव होती दिशेची.

हे मर्म ओळखून पी. एच. पार्किन आणि जे. एच. टेलर यांनी १९५१ च्या सुमारास सेंट पॉलमध्ये नवी योजना केली. ते कॅथीड्रल रिकामे असताना आवाज विरण्यास सुमारे १२ सेकंद लागत. त्यांनी अनेक कर्णे एकावर एक रचून सुमारे ११ फूट उंचीचे स्तंभ उभे केले. अशा स्तंभातील सर्व कर्णे एकाच वेळी बोलतात, तेव्हा समोरच्या श्रोत्याकडे जाणाऱ्या लहरी जुळून येतात व बळावतात. वर आणि खाली जाणाऱ्या लहरी मात्र पुढेमागे होऊन एकमेकींना मारतात. परिणामी आवाज आडवा पसरतो, पण घुमटाकडे फारसा जात नाही.

दुसरी अडचण वेळेची होती. विजेचा संकेत दूरच्या स्तंभापर्यंत तत्क्षणी पोहोचतो. हवेतील आवाजाला ३४ मीटर जाण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणून फिरत्या चुंबकीय चक्रावर बोलणे नोंदवून ते किंचित उशिराने दूरच्या स्तंभांना दिले गेले. जो आवाज प्रथम कानी पडतो, त्याच दिशेने बोलणे येत आहे असे आपणांस वाटते; हेल्मूट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात हा श्रवणधर्म अभ्यासला होता. त्यामुळे शब्द जवळच्या स्तंभातून येऊनही भाविकांचे लक्ष धर्मोपदेशकाकडेच राही.

पुढे संगणकाने हीच युक्ती सूक्ष्म केली. स्तंभातील प्रत्येक कर्ण्याला स्वतंत्र विलंब दिला की स्तंभ न वाकविता आवाज वाकतो. कर्णे १० सेंटिमीटर अंतरावर असतील आणि झोत १० अंश खाली वळवायचा असेल, तर शेजारच्या दोन कर्ण्यांत सेकंदाचा सुमारे २०,००० वा भाग एवढा फरक पुरतो. लास व्हेगास येथे २०२३ मध्ये उघडलेल्या 'स्फिअर' या प्रेक्षागृहात असे सुमारे १,६७,००० कर्णे आहेत.

तरीही निसर्गाचे नियम सुटत नाहीत. १०० हर्ट्‌झच्या खर्ज स्वराची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिला वळवावयास तिच्याहून लांब रचना हवी. उलट ४,००० हर्ट्‌झची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. तेथे कर्णे दाटीने बसविले नाहीत तर भलत्याच दिशांना उपझोत फुटतात. सुदैवाने शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजने उंच स्वरांत वसतात.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला दार उघडले. तेव्हापासून मिस्सेतील प्रत्येक शब्द समजावा, ही अपेक्षा आपण हक्काने बाळगतो. पण भाषा आपली असूनही शब्द घुमटात हरवला, तर शेवटच्या बाकावरील वृद्धेला त्या भाषेचा काय उपयोग? यास्तव आपल्या मंदिरांत नवी यंत्रणा घेताना तिची शक्ती किती, एवढेच आपण विचारू नये. तिचा आवाज कोठे जातो, आणि कोठे जात नाही, हेही विचारावे.